काणी म्हणजे गोष्ट

माझ्या मुलांच्या घशाखाली भात गोष्टीशिवाय उतरत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही, त्या वेळी मला त्याचा वैतागच यायचा. दिवेलागणीला डिचोलीतली वीज हमखास जायची. वीज गेली की माझी दोन आणि शेजारपाजारची असतील तेवढी मुलं आमच्या सोप्यावर गोळा होत. मी भाताचा थाळा घेऊन बसायची आणि मग एक घास, एक वाक्य, असं चालायचं. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं असतं. "हूं" आलं नाही तर सांगणाऱ्यानं तिथंच थांबायचं, राजा तेव्हा घोड्यावर असो की विहिरीत. मी त्यात एक भर घातली होती. तोंडात घास ठेवून म्हटलेलं "हूं" मी धरत नसे, तोंड उघडून दाखवावं लागे. या रीतीनं मी दुधीभोपळासुद्धा पोरांच्या पोटात घातला आहे.

माहेरी पेडण्यालाही हेच होतं. काजूच्या दिवसांत बोंडांपासून बिया वेगळ्या करायला बायका बसत तेव्हा कुणीतरी गोष्ट लावायचीच. ती थांबली की हातही थांबायचे. त्यामुळे गोष्ट ही फावल्या वेळेची चैन आहे असं मला कधी वाटलं नाही. चूल, विहीर, केरसुणी, तशी गोष्ट. घर चालायला लागते ती.

या गोष्टीला आमचा शब्द काणी. मुलं सोप्यावर ठाण मांडून टाळ्या पिटायची, "काणी! काणी! काणी सांग मगे आई!" आणि आत खुर्चीवर बसलेले माझे सासरे दर वेळी न चुकता म्हणायचे, "काणी न्हय रे, कहाणी म्हण. ना जाल्यार गोष्ट म्हण. मराठी भुरगीं मरे तुमी."

सासरे मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. ते दिवस गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी या वादाचे होते. भिंतीभिंतींवर घोषणा रंगवलेल्या असत, बस कधी सुटेल आणि कधी अडेल याचा नेम नसे. पणजीची सभा असो की गावातल्या देवळातली बैठक, सासरे पहिल्या रांगेत. मराठीच्या बाजूनं ते तासन्तास बोलत, आणि घरात ते सगळं बोलणं आमच्याच बोलीत चाले. हे त्यांच्या लक्षात आणून देण्याची छाती घरात कुणाची नव्हती. माझ्या नवऱ्याची तर नव्हतीच. तो वर्तमानपत्र उभं धरून त्यामागे बसायचा.

त्याच वर्षी आमच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड आलं. नवरा-बायको, कोल्हापूरकडच्या एका खेड्यातले. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वेल्डर होता. ती वयानं माझ्याहून बरीच लहान, अंगानं बारीक, आणि एका डोळ्यानं अधू. तो डोळा लहानपणीच गेलेला होता, बुबुळावर दुधासारखा पांढरा पडदा. त्या बाजूनं ती पदर जरा पुढे ओढून घ्यायची. पहिल्या दिवशी मला वाटलं लाजते आहे. पदराचं कारण कळल्यावर मी तिच्याशी बोलताना मुद्दाम दुसरीकडे बघू लागले, आणि तेही तिला कळत असणार.

सासऱ्यांना मात्र आनंद झाला. "आतां घरांत खरी मराठी आयकूंक मेळटली," असं त्यांनी जाहीर केलं. खरी मराठी दुसऱ्याच दिवशी विहिरीवरून ऐकू आली, "वैनी, दोर कुटं ठेवलायसा वो?" सासरे म्हणाले, बोली वेगळी आणि भाषा वेगळी.

दिवसा आमचं चांगलं जमलं. ती मला भाकरी थापून दाखवायची, मी तिला नारळ फोडून द्यायची. आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात आणि चमच्याला कुलेर, याचं तिला भारी हसू यायचं. "ह्ये काय वैनी, घरातल्या वस्तूंनी कपडे बदलल्यागत वाटतंय," असं ती म्हणाली होती. तिला दिवस गेले होते. तिची आई फार दूर, त्यामुळे काय खावं, काय खाऊ नये, हे मलाच विचारायची. मला बहीण नाही. ते विचारणं मला आवडायचं.

पण संध्याकाळी ती कधीच बसली नाही. विहिरीवर आधी मी पाणी भरायची, मग तिची पाळी. घागर कमरेवर घेऊन ती सोप्यापुढून मागच्या दारी जायची. ती घागर घेऊन दिसली की आई मोकळी झाली, आता थाळा येणार, असं गणित मुलांनी पहिल्याच संध्याकाळी बांधलं होतं. त्यामुळे ती वळणावर दिसली की टाळ्या सुरू व्हायच्या. मी आतून भात कालवता कालवता ऐकायची. ती जवळून गेली की मी थाळा घेऊन बाहेर यायची, आणि मग अर्धा-पाऊण तास गोष्ट, आणि गोष्टीत हसू. मागच्या खोलीची भिंत आणि सोप्याची भिंत एकच होती.

"बस गो थोडा वेळ," मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "नगं वैनी." पुढे तिनं त्या बाजूचं जनेल लावून घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं डास येत असतील. मग ती दिवसाही यायची बंद झाली. विचारलं तर अंग दुखतंय, झोप येतीया, अशी उत्तरं. पोटुशी बाई, होतं असं, म्हणून मी सोडून दिलं. पदर आता पुढे ओढलेला नसे, पुरा तोंडावरून घेतलेला असे.

एका रविवारी संध्याकाळी तिचा नवरा सासऱ्यांपुढे येऊन उभा राहिला. खोली सोडतो म्हणाला. कारखान्यामागे कामगारांनी पत्र्याच्या खोल्या बांधल्यात, तिथं जातो. ती दाराशी उभी होती, चौकटीला धरून. मी सोप्याच्या पायरीवर तांदूळ निवडत होते. पत्र्याची खोली, उन्हाळा तोंडावर, आणि हिला सहावा महिना. माझे हात थांबले.

सासऱ्यांना एकच कारण सुचलं. घाटावरून आलेल्या लोकांना आमच्याकडे घाटी म्हणतात, आणि तो शब्द कुणी प्रेमानं उच्चारत नाही. सासरे चवताळून उठले. "कोण म्हणाला घाटी? आमच्या पोरांनी म्हटलं? सांगा मला." सभेतली मराठी बोलत होते. "या घरात मराठी माणसाला कुणी असं बोलला तर मी त्याला उभा सोलीन."

"तसं न्हाई गुर्जी," तो म्हणाला. "घाटी म्हणू द्यात की. आमी घाटावरचंच हाय. पर हिच्या डोळ्यावरनं रोज वरडत्यात त्ये हिला सोसंना झालंय. पानी घिऊन निगाली की समदी पोरं टाळ्या वाजवत्यात. रातच्याला बी भिंतीपल्याड त्येच चाललेलं असतंय, आन् वर हसत्यात."

"काय ओरडतात?"

तो घुटमळला. बायकोकडे बघितलं आणि मग खाली बघून म्हणाला, "काणी."

आणि त्याच क्षणी माझी धाकटी, जिनं आतून फक्त तो एक शब्द ऐकला होता, रिकामा थाळा आपटत बाहेर धावत आली. "काणी! आई, काणी सांगता?"

मला हसू आलं. आवरायच्या आतच आलं. त्यात चेष्टा नव्हती, कुणी काही वाईट बोललं नव्हतं याची सुटका होती. पण हसू तोंडाबाहेर पडल्यावर ते कशाचं आहे हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. तिनं माझ्याकडे बघितलं. पदर सरकलेला होता, आणि मी त्या वेळी पहिल्यांदा तिचे दोन्ही डोळे सरळ पाहिले.

सासऱ्यांनी मग शाळा भरवली. कहाणीचं काणी कसं झालं, शब्द कसे झिजतात, त्यात एकाक्ष असा अर्थ आमच्या मनातही कसा येत नाही, हे सगळं त्यांनी तपशिलात समजावलं. काणा, काणी हे शब्द आम्हांला ठाऊक नव्हते असं नाही. सासऱ्यांनी ते फळ्यावर लिहून शिकवले असतील. पण पुस्तकातली काणी आणि सोप्यावरची काणी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. भेटल्या त्या हिच्या कानात. तिचा नवरा ऐकता ऐकता हसायला लागला, "आयला, असं हाय व्हय!" म्हणाला, आणि खोली सोडायची गोष्ट तिथंच मिटली.

ती हसली नाही. सासऱ्यांचं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मग माजंच चुकलं म्हनायचं." आणि आत गेली.

तिचं काय चुकलं होतं? आमचंही काय चुकलं होतं? मी पुष्कळ हिशोब मांडून पाहिला आहे. कुणाचीच चूक सापडत नाही, आणि तरी त्या संध्याकाळची लाज माझ्या अंगावरून गेलेली नाही. चूक असती तर माफी तरी मागता आली असती.

मी मुलांना दम भरला. यापुढं काणी हा शब्द घरात काढायचा नाही, गोष्ट म्हणायचं. सासऱ्यांना वाटलं त्यांच्या इतक्या वर्षांच्या शिकवणीला फळ आलं. पण मुलं "आई, गोष्ट सांग" म्हणू लागली आणि माझ्या तोंडून गोष्ट येईना. गोष्ट म्हटलं की मला धडा आठवायचा, आणि धड्याखालचे प्रश्न. मी शुद्ध वाक्यं बोलू लागले, ऱ्हस्वदीर्घासकट. राजा घोड्यावर बसायच्या आधी मुलं कंटाळायची. "हूं" बंद झालं, घास तोंडात तसेच राहू लागले, आणि ज्या सोप्यावर हसू असायचं तिथं संध्याकाळी माझ्या धपाट्यांचे आवाज येऊ लागले. शेजारची मुलं यायची थांबली. भिंतीपलीकडे ती ऐकत असणारच. तिच्यासाठी शब्द टाकला, पण ती पायरीवर येऊन बसली नाही ती नाहीच. आधी दुखावलेली होती म्हणून येत नव्हती, आता ओशाळलेली होती म्हणून.

एवढ्यावर भागलं असतं. पण सासऱ्यांना ही हकिकत इतकी आवडली की त्यांनी ती देवळातल्या बैठकीत सांगितली. घरोघरी कहाणी म्हणा, काणी म्हणू नका, नाहीतर असे घोटाळे होतात, असा त्यातून बोध काढला. लोक पोट धरून हसले म्हणे. हसणाऱ्यांपैकी कुणीतरी ती बाजारात नेली, तिथं ती पलीकडच्या बाजूच्या लोकांनी उचलली. बघा, मास्तरांच्या घरचं बोलणं मराठी माणसालाच कळत नाही, मग ती मराठी कशी, असं ते विचारू लागले. हकिकतीला पाय फुटले. कुणाच्या तोंडी ती बाई रडली, कुणाच्या तोंडी तिनं घागर फेकून मारली. सासऱ्यांना बसस्टँडवर कुणीतरी हाक मारून विचारलं, "मास्तर, काणी बरी आसा मगे?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्यांची कीव आली नाही. आपण आपल्या घरातल्या बाईला गावापुढे नेऊन ठेवलं, हे त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं. आपल्या मराठीची नाचक्की झाली एवढंच कळलं होतं.

मी मात्र एकाच भीतीनं वावरत होते. हे तिच्या कानावर जायला नको.

तिच्या डोहाळजेवणाचं माझ्याच मनानं घेतलं होतं. आई नाही जवळ, तर मी करते म्हटलं. ती नको नको म्हणत होती, पण हिरव्या बांगड्या भरायला माझ्याबरोबर बाजारात आली. पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघी शेजारी शेजारी चालत होतो. कांकणकार म्हातारी माझ्या ओळखीची, तोंडानं फटकळ. हिचा हात हातात घेऊन बांगडी चढवता चढवता तिनं वर बघितलं, पदराआड डोकावली, आणि तिचा चेहरा फुलला.

"ही तीच न्हय गो? मास्तरागेर रावता ती, काणीवाली?"

दुकानात आणखी दोघी होत्या. त्याही वळल्या. हसू दाबलेल्या तोंडाचा एक आकार असतो, तो मी त्या दोघींच्या तोंडावर बघितला. मला वाटलं, हिला उठवावं आणि घरी न्यावं. पण हात म्हातारीच्या मुठीत, बांगडी अर्ध्यात अडकलेली. मी काय बोलणार होते? सांगणारे आमच्याच घरचे.

तिनं हात सोडवून घेतला नाही. म्हातारीला म्हणाली, "व्हय, मीच ती. पर तुमाला अर्धीच सांगितलीया."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. तिच्या गावात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. बाप नावानं हाक मारायचा, तो लवकर गेला. मग आईसुद्धा दमली की म्हणायची, काणे, सरपण आण. तिच्या नावाच्या आणखी दोन पोरी गावात होत्या, म्हणून ती काणी. लग्न ठरलं तेव्हा तिला नवऱ्याच्या घरापेक्षा एकाच गोष्टीचं सुख वाटलं, की तो गोव्यात कामाला आहे. घाट उतरताना बसमध्ये तिनं मनाशी म्हटलं, आता ह्ये नाव वरच राह्यलं. खाली कुणाला ठाऊक न्हाई.

इथं ती थांबली. गोष्ट सांगणारं माणूस जसं थांबतं तसंच. कुणी "हूं" म्हटलं नाही. म्हातारीची बोटं बांगडीवर नुसती राहिली होती. त्या दोघी खाली बघत होत्या.

"हूं," मी म्हटलं.

"आन् पयल्याच सांजेला," ती म्हणाली, "मी घागर घिऊन निगाली, तर समद्या पोरांनी माजं नाव घिऊन टाळ्या वाजवल्या."

मी पुन्हा "हूं" म्हटलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तिनं पुढचंही सगळं सांगितलं. भिंतीपलीकडचं हसू, नवऱ्याला सांगायला लागलेले दिवस, गुर्जींचा पाठ. माझं हसूही तिनं वगळलं नाही. "वैनीस्नी हसू आलं," असं साधं म्हणाली आणि पुढे गेली. त्यावरही मला "हूं" म्हणावं लागलं.

शेवटी म्हातारीनं बांगडी चढवली आणि दुसऱ्या हातात एक जास्तीची घातली. परत येताना घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "वैनी, पोरास्नी काणी म्हनू द्या. तुमची गोष्ट काय बरी हुईत न्हाई."

मुलं पुन्हा काणी म्हणू लागली. माझी जीभही हळूहळू सुटली. ती कधी पायरीवर बसायची, कधी नाही.

तिला मुलगी झाली. पुढे भाषेचा एक निर्णय लागला, गोवा वेगळं राज्य झालं, भिंतींवरच्या घोषणा पावसानं धुऊन गेल्या. सासऱ्यांनी सभा सोडल्या आणि खुर्ची धरली. त्या मुलीला चालायला यायच्या आधीपासून माझ्या मुलांनी सोप्यावर बसवली होती. त्यामुळे बोलायला लागली ती आमच्यासारखीच, आणि भातही तिला आमच्या मुलांसारखाच गोष्टीबरोबर लागायचा.

एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. ती मुलीला घेऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली, वाटीत वरणभात. मुलीनं तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली आणि आईकडे बोट दाखवून म्हणाली, "आये, काणी!"

तिचा हात आधी पदराकडे गेला. डोळा झाकला. मग तिनं घास उचलला आणि म्हणाली, "एक व्हता राजा."

मी खाली सुपात बघत राहिले. मुलीच्या आधी "हूं" मीच म्हटलं.